मोतीबिंदू : शलाकेपासून भिंगापर्यंत

जैन दर्शनाने जीवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येवरून केली आहे. एकेंद्रिय जीवाला केवळ स्पर्श कळतो. द्वींद्रियाला त्याबरोबर रस, त्रींद्रियाला गंध आणि चतुरिंद्रियाला चक्षू लाभतो. जीवाच्या या चढत्या क्रमात दृष्टी इतक्या उशिरा प्राप्त होते, यातच तिचे दुर्मिळत्व आहे. श्रावकाच्या आचारात तर दृष्टीवाचून पाऊलही टाकता येत नाही. मार्गातील सूक्ष्म जीव पाहून चालणे, धान्य निवडणे, सूर्यास्तापूर्वी अन्न पारखून घेणे, स्वाध्यायासाठी ग्रंथ उघडणे या प्रत्येक गोष्टीला डोळा हवा. वार्धक्यात ज्याच्या डोळ्यावर पडदा येतो, त्याचे केवळ जग अंधारत नाही; त्याचा धर्माचारही परावलंबी होतो.

आपल्या पूर्वसूरींनी आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चार दाने सांगितली. आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांच्या वाटचालीत जी नेत्रशिबिरे भरविली, ती औषधदानाच्या परंपरेतीलच होत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या सेवेचे स्मरण करताना एक प्रश्न मनात येतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज आपण इतक्या निःशंकपणे करून घेतो. ती विश्वासार्ह कशी झाली? शल्यवैद्यांचे हात कुशल झाले, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. कुशल हात फार प्राचीन काळीही होते. शस्त्रक्रियेनंतर रोग्याकडे पुन्हा पाहावे आणि जे दिसेल ते, अपयशासह, लिहून ठेवावे, ही सवय वैद्यकाला लागली, तेव्हा ही शस्त्रक्रिया विश्वासार्ह झाली. त्या सवयीचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

सुश्रुताची शलाका

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग सांगितले आहेत. त्यांपैकी कफज लिंगनाशावर शस्त्रकर्म सांगितले असून, ते म्हणजे मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियेच्या जगातील अतिप्राचीन वर्णनांपैकी एक होय. रोग्याला स्थिर बसवून स्वतःच्या नाकाकडे पाहण्यास सांगावे. उजव्या डोळ्याचे कर्म डाव्या हाताने आणि डाव्या डोळ्याचे उजव्या हाताने करावे. यवाच्या आकाराचे टोक असलेली शलाका बुबुळाच्या बाजूने आत घालावी, असा तो विधी आहे. नंतर डोळा बांधून ठेवावा, दर तिसऱ्या दिवशी पट्टी सोडावी, आणि रोग्याने दहा दिवस शिंकणे, खोकणे, थुंकणे टाळावे, असेही सांगितले आहे. विशेष म्हणजे वेध चुकल्यास किंवा शलाका सदोष असल्यास कोणते उपद्रव होतात, हेही ग्रंथकाराने सांगितले आहे. यशाबरोबर अपयश नोंदविण्याची दृष्टी त्या काळीही होती, याचा हा पुरावा मानता येईल.

तथापि या पद्धतीला एक अंगभूत मर्यादा होती. डोळ्यातील गढूळ झालेले भिंग बाहेर काढले जात नसे. ते शलाकेने खाली ढकलले जाई. प्रकाशाची वाट मोकळी होताच रोग्याला समोरची बोटे दिसत आणि वैद्याची वाहवा होई. पण ढकललेले भिंग डोळ्यातच राहिल्याने पुढे दाह होई, आतील दाब वाढे, अस्वच्छ शलाकेमुळे पू होई, आणि मिळालेली दृष्टी कित्येकदा काही दिवसांत वा महिन्यांत कायमची जाई. ही विद्या पुढे गावोगाव फिरणाऱ्या लोकांच्या हाती गेली. सुश्रुताने सांगितलेली पश्चात काळजी मागे पडली आणि शलाका तेवढी उरली.

फिरता वैद्य आणि हिशेब देणारा वैद्य

युरोपातही हीच पद्धत शतकानुशतके चालू होती. मोतीबिंदू म्हणजे भिंगासमोर जमणारा एक पडदा, असा तेथील वैद्यांचा समज होता. १७०५ साली मिशेल ब्रिसो या फ्रेंच वैद्याने एका मृत सैनिकाचा डोळा उघडून पाहिला आणि गढूळ झालेले भिंग हाच मोतीबिंदू, असे प्रतिपादन केले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने हे मत प्रथम स्वीकारले नाही. काही वर्षांनी पुरावे वाढल्यावर ते मान्य करावे लागले. ग्रंथातील मताहून डोळ्याने पाहिलेला पुरावा श्रेष्ठ ठरण्याचा तो प्रसंग होता.

भिंगच गढूळ होत असेल, तर ते ढकलण्यापेक्षा बाहेर काढणे योग्य, हा विचार झाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यवैद्याने अमलात आणला. १७४७ साली त्याने बुबुळाच्या कडेला छेद देऊन भिंग बाहेर काढण्याची पद्धत अवलंबिली. पुढे १७५२ साली पॅरिसच्या शल्यचिकित्सा अकादमीपुढे त्याने आपल्या २०६ शस्त्रक्रियांचा तपशील ठेवला आणि त्यांपैकी १८२ यशस्वी झाल्याचे सांगितले. आमच्यासारख्या व्यापारी माणसाचे लक्ष १८२ पेक्षा उरलेल्या २४ या आकड्याकडे जाते. जमेबरोबर नावेची बाजू दाखविणाऱ्याच्या वहीवर विश्वास बसतो.

त्याच काळातील दुसरे चित्र पाहा. जॉन टेलर नावाचा इंग्रज नेत्रवैद्य घोडागाडीतून युरोपभर फिरत असे. राजवैद्य ही पदवी त्याच्याजवळ होती आणि स्वतःची कीर्ती सांगणारी भाषणे तो चौकाचौकात देई. १७५० च्या वसंत ऋतूत त्याने लाइपझिग येथे थोर संगीतकार बाख यांच्या डोळ्यावर दोनदा शस्त्रक्रिया केली. बाख यांची दृष्टी गेलीच, प्रकृतीही ढासळली, आणि त्याच वर्षी २८ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १७५८ मध्ये दुसरे थोर संगीतकार हँडेल यांच्यावरही टेलरने उपचार केले. त्यांनाही दृष्टी लाभली नाही. डोळ्यावरची पट्टी काही दिवस न सोडण्याची ताकीद तो रोग्यांना देई, आणि पट्टी सुटण्यापूर्वी स्वतः गाव सोडून जाई, अशी त्याची ख्याती होती. दाव्हिएल आणि टेलर हे दोघेही समकालीन होते. दोघांच्या हातांत शस्त्र होते. एकाने झालेल्या कर्माचा हिशेब विद्वानांपुढे ठेवला, दुसऱ्याने हिशेबाची वेळ येण्यापूर्वीच मुक्काम हलविला. वैद्यकाची प्रगती कोणाच्या मार्गाने झाली, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तंजावरचे भोसले आणि रुग्णांची कागदपत्रे

या इतिहासातील एक पान मराठी माणसाला अभिमानास्पद आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (१७७७-१८३२) हे १७९८ साली गादीवर आले. दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांची सत्ता अत्यंत मर्यादित झाली. सत्ता गेली म्हणून खंतावत न बसता त्यांनी आपले आयुष्य विद्येला वाहिले. जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांच्या सहवासात त्यांना पाश्चात्त्य विद्येची ओळख झाली होती. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, मुद्रणालय काढले, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला, आणि धन्वंतरी महाल नावाची संस्था चालविली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींच्या औषधांचा अभ्यास होत असे.

सरस्वती महालाच्या संग्रहात त्या काळातील नेत्ररुग्णांची कागदपत्रे आजही जतन केलेली आहेत. राजांच्या देखरेखीखाली, इंग्रज डॉक्टरांच्या साहाय्याने झालेल्या उपचारांच्या या नोंदी आहेत. रोगी कोण, त्याला काय होते, कोणता उपचार केला, हे त्यांत लिहिलेले असून सोबत रोग्याच्या डोळ्याची रंगीत चित्रेही आहेत. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील तज्ज्ञांनी अलीकडच्या काळात या कागदपत्रांचा अभ्यास केला आहे. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी, तंजावरच्या एका राजाने रोग्याचा डोळा चित्रकाराकडून काढवून घ्यावा आणि उपचाराची नोंद ठेवावी, ही गोष्ट साधी नव्हे. नंतर येणाऱ्या वैद्याला आधीच्या वैद्याचे काम तपासता यावे, हा तिचा अर्थ होय. राजांच्याच हयातीत, १८१९ साली, मद्रास येथे नेत्ररोगांचे स्वतंत्र रुग्णालय निघाले. जगातील अशा सर्वांत जुन्या रुग्णालयांत त्याची गणना होते.

आरसा, तक्ता आणि भूल

एकोणिसाव्या शतकाने नेत्रवैद्यकाला तीन मोठ्या देणग्या दिल्या. पहिली, जिवंत माणसाच्या डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याचे साधन. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५०-५१ मध्ये ते तयार केले. डोळ्यात प्रकाश टाकून परतणारा प्रकाश पाहण्याची ही युक्ती होती. तोवर बाहुलीपलीकडचे सर्व काही वैद्याला अंधारच होता. ज्याचे नेत्रपटलच निकामी झाले आहे, त्याचा मोतीबिंदू काढून उपयोग नाही. हे निदान शस्त्रक्रियेपूर्वी करणे पुढे शक्य होत गेले.

दुसरी देणगी म्हणजे डच वैद्य स्नेलेन यांचा १८६२ मधील अक्षरांचा तक्ता. चष्म्याच्या दुकानात आपण वरपासून खालपर्यंत लहान होत जाणारी अक्षरे वाचतो, तोच हा तक्ता. निरोगी डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून दिसते ते एखाद्याला ६ मीटरवरूनच दिसत असेल, तर त्याची दृष्टी ६/६० असे लिहितात. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या तक्त्याने ‘बरे दिसते’, ‘अंधुक दिसते’ या शब्दांच्या जागी आकडा आणला. वजनकाट्याशिवाय बाजार चालत नाही, तसे मापाशिवाय संशोधन चालत नाही.

तिसरी देणगी भुलीची. १८८४ साली व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनच्या द्रावणाचे थेंब टाकल्यास डोळा बधिर होतो, हे दाखवून दिले. १५ सप्टेंबर रोजी हायडेलबर्ग येथे भरलेल्या नेत्रवैद्यांच्या सभेत त्याचा निबंध दुसऱ्याने वाचला, कारण प्रवासखर्च करण्याची कोलरची ऐपत नव्हती. तोपर्यंत रोग्याला आवळून धरून घाईने उरकावे लागणारे काम त्यानंतर शांतपणे करता येऊ लागले. जंतुनाशक पद्धतीही याच सुमारास रूढ झाल्या.

एवढे होऊनही भारतातील खेड्यांत फिरत्या लोकांची सुई चालूच होती. मद्रासच्या शासकीय नेत्र रुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट एलियट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. सुईने बिघडलेले आणि शेवटी काढून टाकावे लागलेले डोळे त्यांनी जमवून चिरून तपासले, रोग्यांच्या नोंदी एकत्र केल्या, आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. सुई लावल्याच्या दिवशी दिसलेले यश पुढे कसे नाहीसे होते, हे त्या नोंदींनी उघड केले. फिरता वैद्य दारात येतो, थोड्या पैशांत काम करतो आणि लगेच दिसू लागते, म्हणून गरीब माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो. चांगली सेवा त्याच्या दारापर्यंत पोहोचवल्याशिवाय वाईट सेवा थांबणार नाही, हा त्यातून निघणारा धडा होय. पुढे शिबिरांची चळवळ याच गरजेतून उभी राहिली.

काढलेल्या भिंगाची जागा

गढूळ भिंग काढले तरी एक अडचण उरतेच. भिंगावाचून डोळा प्रकाश नीट एकवटू शकत नाही. त्यासाठी जाड काचेचा चष्मा द्यावा लागे. त्यातून वस्तू मोठ्या दिसत, कडेचे दिसत नसे, पायरीचा अंदाज चुके. आणि खेड्यातील वृद्धाचा तो चष्मा फुटला की तो पुन्हा आंधळा होई.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील हॅरॉल्ड रिडली यांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी वैमानिकांचे डोळे तपासले होते. विमानाच्या आच्छादनाचे पारदर्शक प्लास्टिकचे कण काहींच्या डोळ्यांत रुतून बसले होते, तरी डोळा त्यांना विरोध करीत नव्हता. या निरीक्षणावरून त्यांनी त्याच पदार्थाचे भिंग करविले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी ते एका रुग्णाच्या डोळ्यात बसविण्यास प्रारंभ केला. पहिल्या रुग्णाच्या भिंगाचा नंबर फार चुकला होता. अनेक ज्येष्ठ नेत्रवैद्यांनी या कल्पनेला कठोर विरोध केला. डोळ्यातून वस्तू काढणे हे वैद्याचे काम; वस्तू आत ठेवणे म्हणजे अविचार, असे त्यांना वाटे. आरंभीच्या काही रुग्णांना त्रासही झाला, म्हणून विरोध अगदीच निराधार नव्हता. भिंगाचा आकार, जागा, निर्जंतुक करण्याची रीत यांत तीन दशके सुधारणा होत गेल्या आणि १९८१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कृत्रिम भिंगांना मान्यता दिली. दरम्यान १९६७ साली चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून बारीक छेदातून काढण्याची पद्धत आणली. रिडली यांना सन २००० मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, ‘सर’ हा किताब मिळाला.

मदुराईची कसोटी

श्रीमंत देशांत भिंग मान्य झाले, तरी प्रश्न शिल्लक होता. आपल्याकडील गरीब, दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या झालेल्या रुग्णांना, मोठ्या संख्येने होणाऱ्या शस्त्रक्रियांत ते सुरक्षितपणे बसविता येईल काय? की जुनी पद्धत आणि जाड चष्मा हेच त्यांच्यासाठी बरे? दोन्ही बाजूंनी अनुभवी डॉक्टर बोलत होते. अशा वेळी ज्येष्ठतेने निर्णय होऊ नये.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने हा प्रश्न कसोटीला लावला. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सेवानिवृत्तीनंतर १९७६ साली ११ खाटांवर हे रुग्णालय सुरू केले होते. तेथे ४० ते ७५ वर्षे वयाच्या, मोतीबिंदूने दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या झालेल्या ३४०० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. कोण कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठी टाकावी त्या न्यायाने ठरले. डॉक्टरच्या आवडीला त्यात वाव नव्हता. सोपे रोगी एका बाजूला आणि अवघड दुसऱ्या बाजूला जाऊ नयेत, म्हणून ही दक्षता असते. एका गटाला जुनी शस्त्रक्रिया व चष्मा, दुसऱ्याला नवी शस्त्रक्रिया व भिंग. मग वर्षभर त्यांची तपासणी झाली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी भिंगाचा पक्ष सिद्ध केला. भिंग बसविलेल्यांची दृष्टी आणि दैनंदिन व्यवहारातील सुलभता, दोन्ही अधिक होत्या.

भिंगाची किंमत हाही अडसर होता. परदेशी भिंग शंभर डॉलरच्या घरात मिळे. १९९२ साली मदुराईतच स्थापन झालेल्या ऑरोलॅबने ते सुमारे दहा डॉलरला उपलब्ध केले आणि पुढे किंमत आणखी उतरली. संशोधनाने योग्य काय ते ठरविले आणि उत्पादनाने ते गरिबाच्या आवाक्यात आणले. या दोन्ही गोष्टी एका गावात घडाव्यात, हे आपल्या देशाचे भाग्य.

शिबिरांचा ताळेबंद

भारत सरकारने १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्या वेळी अंधत्वाचे प्रमाण १.४ टक्के धरले होते आणि ते ०.३ टक्क्यांवर आणण्याचे ध्येय होते. शाळांत, धर्मशाळांत, मंडपांत शिबिरे भरली आणि लक्षावधी लोकांना त्यांचा लाभ झाला. त्या काळातील कार्यकर्त्यांचे ऋण विसरता येणार नाही. परंतु नव्वदच्या दशकात संशोधक घरोघर जाऊन शस्त्रक्रिया झालेल्यांचे डोळे तपासू लागले, तेव्हा अनेकांची दृष्टी अपेक्षेइतकी परतली नसल्याचे आढळले. शस्त्रक्रियांचे आकडे वाढत होते, पण पाहू शकणाऱ्यांचा आकडा कोणी मोजत नव्हते. या नोंदींमुळेच धोरण बदलले. गावात तपासणी आणि सुसज्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया, अशी विभागणी झाली आणि भिंग बसविणे हा नियम झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही कसोटी घालून दिली : शस्त्रक्रियेनंतर किमान ८० टक्के डोळ्यांना ६/१८ वा अधिक चांगले दिसले पाहिजे आणि ६/६० पेक्षा कमी दिसणाऱ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी हवे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत देशातील अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. पन्नाशीपुढील लोकांत मोतीबिंदू हेच अजूनही अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण असल्याचेही त्याच पाहणीने सांगितले.

आपल्या ट्रस्टच्या वार्षिक अहवालांत किती शिबिरे झाली आणि किती शस्त्रक्रिया झाल्या, हे दरवर्षी छापले जाते. ते योग्यच आहे. दात्याला आपला पैसा कोठे गेला हे कळलेच पाहिजे. परंतु वरील इतिहास वाचल्यावर त्या तक्त्यात आणखी एक रकाना असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही : सहा आठवड्यांनंतर त्या डोळ्याला किती दिसते? जे तपासणीला आले नाहीत त्यांच्या घरी एक कार्यकर्ता जाईल, ६ मीटरवर तक्ता धरील आणि आकडा लिहून आणील. यासाठी मोठा निधी नको, चिकाटी हवी. आकडा कमी आला तर तो लपवू नये, रुग्णालयाला दाखवावा, कारण कित्येकदा साधा चष्मा दिल्यानेही काम होते.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेचे लक्षण सांगताना प्रमादावर बोट ठेवले आहे. दुसऱ्याला इजा झाली एवढ्याने विचार संपत नाही. बेसावधपणा होता का, हे पाहिले जाते. आपण दिवसाच्या अखेरीस प्रतिक्रमण करतो, आपल्या हातून काय घडले त्याची आलोचना करतो. शस्त्रक्रियेनंतर रोग्याकडे परत जाऊन पाहणे हे सेवेचे प्रतिक्रमणच होय. दान देताना भावना शुद्ध असावी, हे आपण जाणतो. दान पोहोचले की नाही, हे पाहण्याची सावधानता हाही त्या भावनेचाच भाग आहे.

दाव्हिएलने आपल्या २४ अपयशांचा आकडा लपविला नाही. तंजावरच्या राजांनी रोग्याच्या डोळ्याचे चित्र काढवून ठेवले. मदुराईच्या डॉक्टरांनी स्वतःचे मत बाजूला ठेवून चिठ्ठीचा निर्णय मानला. पुढील पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टच्या वहीतही अशी प्रामाणिक पाने भरत जावोत आणि त्या पानांवरील प्रत्येक डोळ्यापुढे प्रकाशाचा आकडा लिहिला जावो, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना. जय जिनेंद्र!